दुसऱ्या पेडलचा आवाज

सन्मतीला जाऊन महिना झाला, तरी तिच्या नवऱ्याच्या, गोमटेशच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. भर दुपारी तो मिरजेत तौसीफच्या दुकानी छेडलेला सूर जरा वेळानं परत ऐकवणारे, गिटारचे दोन छोटे डिले पेडल पारखायला बसला.

गोमटेशनं छेडलेला सूर पहिल्या पेडलनं तीनदा जसाच्या तसा परत दिला.

दुसऱ्यानंही तीनदा दिला. मग स्पीकरमधून कुणी पुरुष हुंदके देत रडू लागला. आवाज गोमटेशचाच होता.

"दादा, हे कवा रडलाय तुमी?" तौसीफनं विचारलं.

"न्हाई रं. अजून न्हाई."

तौसीफनं घाईनं वायर उपटली. रडणं थांबलं नाही. गोमटेशनं गालावरून हात फिरवला. कोरडाच होता.

आवाज सन्मतीचं नाव घेत नव्हता. सकाळी शाळेत सोडलेल्या लेकीला, प्रीतीला, हाका मारत होता.