ठोंब्याचा अभ्यास

"हा चौथा डबा, मास्तर!" ती वैतागून म्हणाली. "हाही त्यानं सकाळी पाच मिनिटांत उघडला. आणि मग उरलेला दिवस हे!"

तिनं दाराच्या चौकटीकडे बोट दाखवलं. खालचं वीतभर लाकूड ठोंब्यानं कुरतडून पांढरं केलं होतं. घर भाड्याचं, चौकट घरमालकाची. त्यानं स्वच्छ सांगितलं होतं, महिनाअखेरीला एक तर कुत्रा जाईल, नाही तर तुम्ही. महिनाअखेर येत्या रविवारी होती.

कुत्र्यांना शिकवणाऱ्या मास्तरांनी डबा उलटसुलट करून पाहिला. तीन सरकत्या झडपा, एक खटका, आत खाणं. वाडग्यात आयतं वाढायचं नाही, डोकं चालवून मिळवू द्यायचं, म्हणजे कुत्रा दमतो आणि गप पडतो, हा त्यांचा उपाय. ठोंब्या दमायचं नाव घेत नव्हता. आणि म्हणे ठोंब्या!

"माझ्यादेखत द्या बघू त्याला."

तिनं डबा भरून खाली ठेवला. ठोंब्यानं तो हुंगला, दातांत उचलला आणि शेपटी हलवत थेट मागच्या खोलीत गेला. दोघं त्याच्या मागोमाग गेली.

खिडकीपाशी खुर्चीत तिचे वडील बसले होते. ठोंब्यानं डबा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पायाशी बसकण मारली. वडिलांनी चष्मा चढवला, खटका कानाशी नेऊन दोनदा वाजवून पाहिला आणि एकेक झडप अलगद सरकवली.

"बाबा!"

वडील दचकले. "अगं, ही तिसरी झडप अडकत होती. जरा तासून दिली. आधीचे तीन डबे अगदीच सोपे होते."

"तो त्याचा अभ्यास आहे, बाबा! घर सोडायची वेळ आलीय आणि तुम्ही..." तिनं कपाळावर हात मारून घेतला. "काय करू मी या दोघांचं?"

मास्तरांना हसू आवरेना. "काका, आजपासून डब्याला हात लावायचा नाही. त्याचं त्याला झगडू द्या. चौकटीचा नाद सोडेल तो."

"बरं," वडील म्हणाले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते खिडकीबाहेर बघत बसले.

दारात चपला घालताना मास्तरांनी सहज विचारलं, "काका एरवी काय करतात?"

"काही नाही. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, आता पुरे म्हटलं. दुकान बंद करायला लावलं मी. आता नुसता आराम. चहा हातात, जेवण हातात, सगळं आयतं..." बोलता बोलता ती थांबली.

मास्तर गेले. स्वयंपाकघरात ठोंब्या पुन्हा भरून दिलेला डबा फरशीवर आपटत होता, गुरगुरत होता, पुन्हा आपटत होता. तिला त्याचा राग आला, मग बाबांचा आला आणि शेवटी स्वतःचाच आला. त्या रागातच ती स्टुलावर चढली. भिंतीवरचं चांगलं चालणारं घड्याळ तिनं उतरवलं आणि केसांतल्या पिनेनं सेलची पट्टी वाकवून टाकली. काटा थांबला. मग कपाटावरचा हत्यारांचा पत्र्याचा डबा काढला. तीन वर्षांपूर्वी तिनंच तो वर टाकला होता. धूळ पदराला पुसत ती मागच्या खोलीत गेली.

"बाबा, हे बंद पडलं बघा. आत्ताच."

वडिलांनी घड्याळ उलटं केलं. वाकलेल्या पट्टीवर त्यांचं बोट क्षणभर थांबलं. लेकीकडे त्यांनी पाहिलं नाही. पत्र्याचा डबा उघडून त्यांनी भिंग डोळ्याला लावलं.

"मोठं काम निघालंय," ते म्हणाले. "दोन दिवस तरी लागतील."