सात नंबरचा जवाब

तेराव्यांदा पडद्यावर तीच ओळ उमटली: पलीकडचं कॉम्प्युटर सापडत नाही. सरितानं ओढणीला हात पुसले. पाचची मुदत संपायला वीस मिनिटं उरली होती.

ऊर्जानगरच्या त्या छोट्याशा कॉम्प्युटर सेंटरात मे महिन्याचा कूलर नुसताच घरघरत होता. नोकरीची जागा एक आणि उमेदवार दोन. परीक्षा दिसायला सोपी होती. लिनक्स सिस्टीम घातलेलं एक जुनं कॉम्प्युटर, त्यात आधीच बसवलेलं नेटवर्क कार्ड. कॉम्प्युटरचा डबा उघडायचा नाही. त्या कार्डातून, सेंटर चालवणाऱ्या धनराज सरांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला हाक पोचवायची आणि जवाब आणून दाखवायचा. सरिताच्या कॉम्प्युटरचा नंबर सात, सरांच्या कॉम्प्युटरचा एक. दुसरा उमेदवार अमर, चंद्रपूरचा. त्यानं हेच काम काल अर्ध्या तासात उरकलं होतं आणि आज निकाल ऐकायला येऊन तो बाजूच्या खुर्चीत पाय हलवत बसला होता.

सरितानं करायचं काय बाकी ठेवलं होतं? कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, काढून पुन्हा चढवला. नंबर पुसून पुन्हा दिला. वायर बदलली. मागचा दिवा हिरवागार. लिनक्स म्हणे, कार्ड ठणठणीत आहे. मग मेलं बोलत का नाही?

आणि घोर नुसत्या नोकरीचा नव्हता. पोंभुर्ण्याकडच्या तिच्या गावात बिडीच्या तेंदूपानाचा हंगाम चालू होता. मागच्या मंगळवारी शेजारच्या गावची एक बाई पानं तोडता तोडता वाघानं उचलून नेली. तरी सरिताची आई, रुखमा, दुसऱ्या दिवशी पहाटे कमरेला फडकं बांधून जंगलात गेलीच. "तुले नोकरी लागू दे," ती म्हणाली होती, "मंग नाई जात मी."

पाचला दहा कमी. तिनं पुन्हा पिंग दिलं, म्हणजे हाक मारली. आणि काय बाप्पा! जवाब आला. एक ओळ, दुसरी, तिसरी. ओळी भराभर धावू लागल्या.

"सर! आला जवाब!" ती जवळजवळ ओरडलीच.

धनराज सरांनी जागेवरूनच, चष्म्यावरून पडद्याकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाले आणि पेन काढून समोरच्या कागदावर झुकले.

सरिताचा जीव भांड्यात पडला. आई आता घरी राहणार! डोळे पुसत, हसत तिनं त्या ओळी वाचायला घेतल्या आणि तिसऱ्या ओळीवर तिचं हसू विझलं. प्रत्येक ओळ सांगत होती: जवाब सात नंबरकडून. घाईघाईत तिनं एकच्या जागी सात दाबलं होतं. कॉम्प्युटरनं स्वतःलाच हाक मारली होती आणि स्वतःच ओ दिली होती. बाहेर काही गेलंच नव्हतं.

अमरनं मान लांब करून पाहिलं. त्याच्या लगेच ध्यानात आलं. "चूप राय ना," तो कुजबुजला. "मीबी काल असंच केलं. सर कुठी वाचून राह्यले?"

सरितानं सरांच्या पेनाकडे पाहिलं. चूप राहिलं तर आईचं जंगल सुटतं. बोललं तर उद्या पहाटे पुन्हा तेच फडकं आणि तीच वाट.

नऊ वर्षांची असताना ती आईबरोबर पानांना गेली होती. बाया पांगल्या की एकमेकींना हाका घालत. सरिता मागं राहिली तेव्हा तिनं "ओऽऽ" केलं. पहाडीकडून "ओऽऽ" आलं. आई तिथंच आहे म्हणून पोरगी खुशाल चारोळीची फळं खात बसली. आई भेटली ती उन्हं कलल्यावर, भलत्याच बाजूनं, रडून रडून डोळे सुजलेली. आधी पाठीत धपाटा घातला, मग छातीशी धरलं. "तो तुहाच आवाज होता वो, पहाडीतून आलेला! जंगलात जवाब देनारी आपलं नाव सांगते. दुसऱ्याचं नाव नाई आयकू आलं, तं तिथी कोनी नाई असं समज." त्यांच्या गावच्या बाया आजही 'ओ'ला 'ओ' देत नाहीत. 'मी रुखमा' म्हणतात.

"थांबा सर!" सरिता उभी राहिली. "हा जवाब तुमचा नाई, माहाच हाय. मले नाई जमलं. कार्ड जिवंत दिसते, पन त्याचा आवाज बाहेर जातच नाई. मले वाटते, ते मेलेलं हाय."

अमरनं कपाळावर हात मारला.

सरांचं पेन थांबलं. ते उठून आले. स्क्रू काढून डबा उघडला, कार्ड उपसलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. कार्डाच्या एका कोपऱ्यात नखाएवढा काळा डाग होता. सरिताला वाटलं, संपलं सगळं. कार्ड टेबलावर ठेवून तिनं आपली पिशवी उचलली.

"कुठी चालली?" सर म्हणाले. "सोमवारपासून कामावर ये."

अमरचा हलता पाय जागच्या जागी थांबला. सरांनी कार्ड उचलून शर्टाला पुसलं आणि जपून पुन्हा डब्यात बसवलं.

"दोन वर्सं झाले याले वीज लागून," ते म्हणाले. "तुह्याआधी अकरा जनायनं मले हे चालू करून दाखवलं."