आवळणारी अंगठी

इंग्रजीच्या तासाला बत्तीस मुलांनी आईवर निबंध लिहिला आणि बत्तीसही वह्यांत पहिलं वाक्य एकच निघालं. माझी आई चविष्ट स्वयंपाक करते.

"ओवी, तुझी आई वायरमन ना? घरात भाकऱ्या तर बाबा थापतात," खानविलकर बाईंनी विचारलं.

"हो बाई." ओवीने बोटातली रबरी अंगठी चाचपली. "पण आई खांबावर चढते, ते लिहायला गेले की अंगठी आवळते. मी चुकणार हे अंगठीला आधीच कळतं. मग चालतं तेच लिहिते."

वर्गातल्या सगळ्या मुलांना या अंगठ्या पुरवणाऱ्या कंपनीचे देसले मागच्या बाकावर बसले होते. "बाई, सहा वर्षांत तुमच्या वर्गात व्याकरणाची एक चूक नाही. पेढे वाटायचे सोडून पोरीला कशाला झापताय?"

"झापायचंय ते तुम्हाला! सहा वर्षं मी एकाच मुलाचा निबंध तपासतेय, साहेब. आणि तो मुलगा या वर्गात नाहीच."

बाईंनी ओवीची अंगठी काढून देसल्यांच्या पुढ्यात आपटली. "लिही गं. हव्या तेवढ्या चुका कर. मी आहे ना इथं."

ओवीने दोन शब्द लिहिले. तिसऱ्याला ती अडली आणि बोट आवळण्याची वाट पाहत थांबली. काहीच झालं नाही, तेव्हा तिने डाव्या हाताने स्वतःचंच बोट घट्ट आवळलं.

बाईंनी तो हात हळूच सोडवला.

"बाहेर व्हा, साहेब," त्या म्हणाल्या. "आणि जाताना उरलेल्या एकतीस अंगठ्या घेऊन जा."