मौनाचा सोमवार

“बोला बाई. तुमच्या नवऱ्याला मारणारा सुटला, तर तुमची हरकत आहे की नाही?” सर्कलसाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

मंदाबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. ओठ मिटलेले, हात मांडीवर, नजर देव्हाऱ्यातल्या कोऱ्या वातीवर.

“साहेब, आज बाईनं मौन शे,” पोलीस पाटील जीवराम आबा म्हणाले. “सरावनना सोमवार. यंदापासून धरेल शे. दिवा लागाशिवाय मान बी हालावस नही.”

“नवऱ्यासाठी?”

“मंग दुसरं कोनासाठे धरी?”

साहेबांनी मांडीवरचा कागद सरळ केला. अर्ज भिकनचा होता. भिकन म्हणजे मंदाबाईच्या मयत नवऱ्याचा, पुनाचा, धाकटा भाऊ; तिचा दीर. सात वर्षांमागे पांझरा नदीकाठच्या फडात, पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांची जुंपली. भिकनने फावडं उचललं. एकच घाव. पुना पाटातच पडला. भिकनला जन्मठेप झाली, आणि आता तुरुंगात त्याला क्षयाने धरलं होतं. ‘पोराला घरी येऊन मरू द्या,’ म्हणून त्याच्या म्हातारीने, यशोदाबाईने, थेट राज्यपालांकडे अर्ज लावला होता.

राज्यपालांच्या कचेरीतून तो सचिवालयात गेला. तिथून धुळ्याला कलेक्टरकडे, मग मामलेदाराकडे, मग सर्कलकडे. जो तो ‘अभिप्रायासाठी’ लिहून कागद खाली पाठवत गेला. आता याहून खाली कुणी नव्हतं. राज्यपालांची सही एका बाईच्या शब्दावर येऊन अडली होती, आणि ती बाई बोलत नव्हती.

म्हातारी शेजारच्या घरी बसून होती. तिच्यासमोर जबाब घ्यायचा नाही, असं साहेबांनी बजावलं होतं.

उन्हं निंबाच्या शेंड्यावर गेली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. शेवटची मोटर निघायची वेळ झाली होती. त्यांचा आवाज मऊ झाला.

“बाई, हो किंवा नाही. एवढं एकच बोला. मी जसंच्या तसं लिहीन.”

मंदाबाईची नजर वातीवरून साहेबांकडे वळली. शब्द अगदी दातांपाशी आला. पण हा चौथा सोमवार, शेवटचा. उरली होती जेमतेम घटकाभर. आता तोंड उघडलं, तर मागचे तिन्ही वाया. सरकार काय, आज विचारतंय, उद्याही विचारील. महादेव दुसऱ्यांदा विचारत नाही. तिने शब्द गिळला.

साहेबांनी लिहिलं, ‘मयताच्या विधवेस समक्ष विचारले. काही सांगत नाही. मनात राग दिसतो.’ आबांनी खाली सही केली.

दिवा लागला तशी ती वेशीपर्यंत धावत गेली. मोटर गेली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती तीन कोस चालत मामलेदाराच्या कचेरीत पोचली. “माले हरकत नही,” ती उंबऱ्यातूनच म्हणाली. “सोडा त्याले.”

कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला. “कागद सकाळच्या डाकेने गेला, बाई.”

“मंग मी म्हमईले जास. त्या साहेबले सांगस.”

“राज्यपाल कागद वाचतात. माणसं ऐकत बसायला त्यांना कुठली सवड?” मग त्यालाच कसंसं झालं. “लिहून घेतो. पाठवतो मागोमाग.”

मागचा कागद पुढच्याला गाठू शकला नाही. कार्तिकात उत्तर आलं. आबांनी ते ओसरीवर वाचून दाखवलं. विनंती मान्य करण्यास राज्यपालांना कारण दिसत नव्हतं. उत्तर निघालं त्याच आठवड्यात भिकन गेला होता. तो गेल्याची तारही आबांच्याच खिशात होती.

म्हातारी रडली नाही. सुनेसमोर येऊन बसली.

“एक शबद बोलती, ते मन्हा पोऱ्या घर येता.”

लग्न होऊन मंदाबाई या घरात आली, तेव्हा भिकन चार वर्षांचा होता. तिच्या ताटात जेवायचा, तिचा पदर धरून झोपायचा.

“असं कसं व्रत व्हतं व तुन्हं?” म्हातारीचा आवाज चिरकला. “मन्हा पोऱ्याना जीवपेक्षा मोठं? कोनासाठे धरेल व्हतं?”

आज सोमवार नव्हता. तरी बोलायला मंदाबाईला वेळ लागला.

“भिकनसाठे, माय.”