साफ चित्र

"भुतं नाचून राहिली नुसती," उल्हासराव म्हणाले. "बातम्या सांगणारा बाप्या आहे की बाई, तेच कळत नाही."

चैत्रालीने रिमोट उचलला. पंचावन्न इंची टीव्ही कालच भिंतीवर चढला होता. दिवाळीच्या सेलमध्ये तिनेच पुण्याहून मागवला होता, आईसाठी. कुमुदताईंचा नंबर वाढला होता. सदर बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात एकावर एक फुकट होतं म्हणून आई-बाबा दोघांनी एकदमच नवे चष्मे केले, तरी जुन्या टीव्हीवरची खालची पट्टी कुमुदताईंना वाचता येत नव्हती. मोठा पडदा हवा, असं त्या दर फोनवर म्हणायच्या. माल नाही म्हणून डिलिव्हरी लांबत गेली. टीव्ही जबलपूरला पोहोचला तेव्हा कुमुदताईंना जाऊन महिना झाला होता.

"हे साधं चॅनेल आहे, बाबा. एचडीवालं लावते."

"लाव."

तिने लावलं. चित्र तिला बरंच बरं वाटलं. उल्हासरावांनी मफलर कानांवर ओढून घेतला आणि खिडकीकडे तोंड केलं.

उद्या ती पुण्याला परतणार होती. सोबत चला म्हणून सांगून झालं होतं. ते यायला तयार नव्हते. पेपर आला तसा घडी न मोडता पडून राहायचा. सकाळी त्यांनी चहाचा कप टेबलाच्या कडेवर ठेवला आणि तो खाली पडला. जिन्यावर ते भिंतीला हात लावून उतरायचे. बँकेतून रिटायर झाल्यावरही रोज तिलवाऱ्याच्या पुलापर्यंत स्कूटर नेणारा माणूस. निदान एखादी गोष्ट त्यांना बघावीशी वाटली, तर तिला निघता येणार होतं.

तिने शकुआत्याला फोन लावला.

"काहून त्या टीव्हीच्या मागे लागली?" शकुआत्या म्हणाली. "दादाचं लक्ष नाही कशात. डोळे उघडे आहेत, पण पाहून कुठे राहिला तो?"

दुपारी डिशवाला विक्की आला. पोट सुटलेला, बडबड्या माणूस. त्याने डिशच्या डब्याच्या मागची लाल-पिवळी-पांढरी वायर उपटून दाखवली. "दीदी, इसमें से एचडी कैसे आएगा? बैलगाडी के पीछे हवाई जहाज बांध दिया आपने."

नवी वायर लागली. विक्कीने एक सिनेमा लावला, नाक मुरडलं, दुसरा लावला. "ये चॅनेलवाले भी ना, नाम के आगे एचडी लिख देते हैं, माल वही पुराना खींच के दिखाते हैं. असली देखना है तो नेट पे देखो." मग त्याने भेडाघाटचा व्हिडिओ शोधला. संगमरवराच्या कड्यांवरच्या रेघा मोजता याव्यात इतकं स्वच्छ. धुवांधार धबधब्याचे तुषार वेगवेगळे दिसत होते.

"अंकलजी, अब बोलो."

उल्हासराव बघत राहिले. "पाणी आहे ना?"

"धुआंधार है, अंकलजी."

"असेल. पांढरं पांढरं दिसते."

विक्की जाताना दाराशी हळूच म्हणाला, "अंकलजी का मन नहीं है, दीदी. टीवी क्या करेगा?"

चैत्रालीलाही तेच वाटत होतं. तिला आई गेली त्या सकाळचा प्रसंग आठवला. उचलायच्या आधी शकुआत्याने कुमुदताईंच्या बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढलं. तेवढ्यात कोपऱ्यात डोळे पुसत बसलेले उल्हासराव उठले, फ्रिजवर चाचपडून चष्मा घेतला आणि स्वतःच्या हाताने कुमुदताईंच्या डोळ्यांवर चढवला. "याच्याबिगर तिला काही दिसत नाही," ते म्हणाले. "तिकडे कुठे ठेचकाळेल." गुरुजींनीही अडवलं नाही. महिनाभरात उल्हासरावांनी समाधानाचं एकच वाक्य उच्चारलं होतं, तेही पुन्हा पुन्हा: "चष्मा तरी दिला मी तिला."

संध्याकाळी त्यांनी स्वतःहून विचारलं, "चैतू, तुझ्या मोबाइलमध्ये आईचं काही आहे का? ती दिसली पाहिजे. बाकी काही नको."

होतं. दिवाळीला चकल्या करताना तिने घेतलेला व्हिडिओ. फोनची सगळी जागा खाल्ली म्हणून तिने तो दोनदा पुसायला घेतला होता. तिने तो टीव्हीवर लावला.

"काहून व्हिडिओ काढून राहिली गं, अवतार पाहा माझा," कुमुदताई अख्ख्या भिंतीवरून म्हणाल्या. इतकं साफ चित्र चैत्रालीने अजून पाहिलं नव्हतं.

उल्हासराव उठले. पडद्याजवळ गेले, मागे आले, पुन्हा जवळ गेले.

"आवाज तिचाच आहे," ते म्हणाले. "चेहरा कुठे आहे? तू म्हणते असली एचडी. मग तिचा चेहरा काहून नाही दिसून राहिला मला?"

चैत्रालीने व्हिडिओ थांबवला. कपाळावरचा पिठाचा ठिपका दिसत होता. हनुवटीवरचा तीळ दिसत होता. कानाजवळ चष्म्याच्या दांडीला गुंडाळलेला पूजेचा लाल दोरा दिसत होता. दोन्ही चष्मे सारखेच, बाबांच्याशी अदलाबदल नको म्हणून आईने बांधलेला. त्याचा सुटलेला धागासुद्धा दिसत होता.

"बघ ना, काही सेटिंग असेल," म्हणत उल्हासराव खुर्चीत बसले. बसताना मफलर कानांवरून घसरून खांद्यावर आला.

चैत्राली त्यांच्याकडे वळली आणि तशीच उभी राहिली. त्यांच्या कानाजवळ, चष्म्याच्या दांडीला, लाल दोरा होता.

"काय झालं?" उल्हासरावांनी विचारलं. "माझं चुकून राहिलं का काही?"

तिने मफलर उचलून पुन्हा त्यांच्या कानांवरून नीट गुंडाळला. मग टीव्ही बंद केला.

"नाही बाबा," ती म्हणाली. "तुमचंच बरोबर होतं. टीव्हीच खराब निघाला."