न उजळलेल्या प्लेटी

समरीनने यूव्ही दिव्याखाली प्लेट धरली. काही नाही. दुसरी धरली, तिसरी धरली. जीवाणूंचे ठिपके चांगले टपोरे आले होते, पण हिरवा उजेड म्हणून एकातही नव्हता.

खरं तर साधी गोष्ट. खाद्यात अरॅबिनोज नावाची साखर असली की जीवाणूतलं एक प्रथिन तिला पकडतं आणि जनुक चालू करतं. मग प्लेट हिरवी चमकते. चमकली नाही, म्हणजे साखर पडलीच नाही. आणि काल प्लेटी ओतल्या होत्या निशिगंधाने, एकटीने.

"तुझा रोजा आहे ना, तू जा गो मांडवीला घरी, इफ्तार चुकायला नको. मी ओतते," म्हणाली होती. आता समरीनच्या मनात पाल चुकचुकली. एवढा पुळका कशासाठी? मुंबईच्या उन्हाळी प्रकल्पासाठी सर दोघींतून एकीचंच नाव धाडणार होते, आणि प्लेटी समरीनच्या होत्या. तोंडावर गोड बोलणारी माणसं अशीच असतात! तिचं डोकंच फिरलं. तिने सरांना लिहिलं, 'निशिगंधाने माझ्या प्लेटी मुद्दाम बिघडवल्या,' आणि पाठवूनही दिलं.

तेवढ्यात निशिगंधा आत आली. दिव्याखाली वाकून बघते तर तिचाच चेहरा उतरला.

"अरॅबिनोज घातलीस काल?" समरीनने विचारलं.

"घातली म्हणजे? तू मोजून ठेवलेलीस ती सगळी घातली. वर चमचाभर ग्लुकोजपण घातलं."

"ग्लुकोज?"

"गेल्या खेपेस कसे मरतुकडे आले होते गो तुझे. म्हटलं, जरा खाऊनपिऊन वाढू देत."

समरीनने हातातली प्लेट खाली ठेवली. ग्लुकोज पुढ्यात असेपर्यंत जीवाणू दुसऱ्या साखरेकडे ढुंकूनही बघत नाही. जनुक नीट चालू व्हायला आणखी एक प्रथिन मदतीला लागतं, आणि ते उपाशीपोटीच कामाला लागतं. मागच्या परीक्षेत तिने हेच उत्तर लिहिलं होतं. "ग्लुकोजनेच घात केला," ती म्हणाली.

निरोप पुसायला तिने घाईघाईने फोन उघडला. सरांनी तो वाचला होता.

टेबलावर निशिगंधाचा फोन वाजला.

"सरांचाच गो!" ती धावली. "तू बोलू नको काही. प्लेटी मी बिघडवल्या म्हणून सांगते."