एकच गिऱ्हाईक

उभा जन्म लोकांचे केस कापण्यात घालवलेला सलूनवाला साठीला केसांचे टोप विणायच्या क्लासात येऊन बसला, तेव्हा पोरी तोंडाला रुमाल लावून हसल्या. "काका, दुकान बरं चाललंय ना? मग हा उपद्व्याप कशाला?"

"एकच गिऱ्हाईक आहे. घरचं."

जाळीत आकडीने एकेक केस ओवून गाठ मारायची. झोपेतही कात्री चालवतील अशी त्याची बोटं ती इवलीशी आकडी धरताना अडखळायची. अगदी रडकुंडीला यायचा, पण उठायचा नाही. लेकीचे उपचारात गेलेले लांब, सरळ केस त्याने होते तसे उभे केले आणि टोप घेऊन गेला.

आज तो पुन्हा येऊन आपल्या जागेवर बसला.

"लेकीला आवडला का हो?" क्लासच्या बाईंनी विचारलं.

"फार. आरशापुढून हलेना. परवा गेली. नेताना तसाच राहू दिला डोक्यावर."

बाईंनी हातातली जाळी खाली ठेवली. "अहो, मग आज कशाला आलात?"

"इस्पितळात तिच्या शेजारच्या खाटेवर एक चिमुरडी आहे. 'माझे बाबा तुलाही करून देतील' असं लेक तिला कबूल करून बसलीये." त्याने आकडी उचलली. "त्या पोरीचे केस कुरळे होते, बाई. कुरळे मला अजून येत नाहीत."